सोरायसिसचं मलम: लावायचं कसं, किती आणि थांबायचं कधी

सोरायसिसचं निदान झालं की बहुतेकांच्या हाती पहिल्यांदा मलमच येतं. चिठ्ठीवर दोन-तीन औषधांची नावं असतात, पुढे 'दिवसातून दोनदा' असं लिहिलेलं असतं, आणि तेवढ्यावर आपण घरी येतो. खरे प्रश्न तिथून सुरू होतात. दोन ट्यूब असतील तर आधी कोणती? जाड थर द्यायचा की नुसता हात फिरवायचा? चट्टा फिका झाला, आता बंद करू का? मी बरीच वर्षं या आजारासोबत राहते आहे. नव्याने निदान झालेल्यांशी बोलताना जाणवतं ते असं, की औषध बहुधा योग्यच दिलेलं असतं, पण ते थांबवायचं कसं हे कुणी समोर बसवून सांगितलेलं नसतं. मग काही जण भीतीपोटी चार दिवसांत ट्यूब बाजूला ठेवतात, आणि काही जण तेच कडक मलम महिनोन्‌महिने चोळत राहतात. दोघांचंही नुकसान होतं.

खालची माहिती प्रौढांसाठी आहे, आणि त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून मलम लिहून दिलं आहे असं धरून लिहिली आहे. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. त्यांनी तुमची त्वचा पाहिली आहे.

१. मलम नेमकं काय करतं ते समजून घ्या

त्वचेच्या पेशी खालच्या थरात तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि गळून पडतात. या प्रवासाला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा विनाकारण चेतते आणि हाच प्रवास काही दिवसांत उरकला जातो. पेशी नीट तयार व्हायच्या आत वर येतात, त्यांचे थर साचतात आणि पांढुरके, रुपेरी पापुद्रे दिसू लागतात. त्याखाली दाह असतो. हा आजार स्पर्शाने पसरत नाही.

मलम हा दाह शमवतं किंवा पेशींचा वेग आवरतं. आजाराची मूळ प्रवृत्ती मात्र तशीच राहते. म्हणून चट्टे गेले तरी काही काळाने परत येऊ शकतात. ते परत आले म्हणजे आधीचा उपचार फुकट गेला असं समजू नका. हे औषध आयुष्यात पुन्हा पुन्हा हाताशी घ्यावं लागणार आहे, आणि म्हणूनच ते बेताने वापरायला शिकायचं.

२. ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा

कंपनीचं मोठं नाव सोडा. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं मूळ नाव महत्त्वाचं. ते वहीत उतरवून घ्या. साधारण पुढच्यांपैकी काहीतरी असेल.

*स्टेरॉइड.* दाह झपाट्याने कमी करतं, खाज थांबवतं. यात सौम्य ते अतितीव्र अशा पायऱ्या असतात. हायड्रोकॉर्टिसोन १% हे सौम्य, मोमेटासोन ०.१% हे तीव्र, तर क्लोबेटासोल ०.०५% हे अतितीव्र. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: टक्क्यांवरून ताकद ठरत नाही. ०.०५% क्लोबेटासोल हे १% हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा कितीतरी पटींनी जोरदार असतं. 'अर्धा टक्कासुद्धा नाही, म्हणजे हलकंच असेल' असं म्हणून ते चेहऱ्याला लावणारी माणसं मी पाहिली आहेत.

*ड जीवनसत्त्वाच्या जातीची औषधं,* उदाहरणार्थ कॅल्सिपोट्रिऑल. पेशींची अवाजवी वाढ रोखतात. परिणाम सावकाश दिसतो, कधी सहा-आठ आठवडे लागतात, पण त्यांनी त्वचा पातळ होत नाही. सुरुवातीला थोडी आग किंवा लाली येऊ शकते. प्रौढांनी आठवड्याला १०० ग्रॅमपेक्षा जास्त वापरायचं नाही, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम वाढण्याचा धोका असतो.

*दोन्हींचं मिश्रण.* कॅल्सिपोट्रिऑल आणि बीटामेथासोन एकाच ट्यूबमध्ये. सहसा दिवसातून एकदाच लावतात. यात स्टेरॉइड आहे हे विसरू नका.

*सॅलिसिलिक आम्ल.* पापुद्रे मऊ करून सोडवतं, म्हणजे पुढचं औषध आत पोचतं. पण ते कॅल्सिपोट्रिऑलला निष्प्रभ करतं. ही दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी लावू नका. एक सकाळी आणि एक रात्री चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

*कोळशाचं डांबर, म्हणजे कोल टार.* जुनं औषध, वासाचं, कपड्यांना डाग पाडणारं. ते लावलेल्या जागी ऊन जास्त लागतं.

*टॅक्रोलिमस आणि पिमेक्रोलिमस.* ही स्टेरॉइड नाहीत. चेहरा, काख, जांघ अशा नाजूक जागांसाठी डॉक्टर देतात. पहिले काही दिवस चुरचुरतं, मग ते बहुधा कमी होतं. चुरचुरलं म्हणून लगेच सोडून देऊ नका.

*टॅझारोटिन.* गर्भावस्थेत अजिबात वापरायचं नाही. गर्भधारणेचा विचार असेल तरी आधी सांगा.

२०२२ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने रोफ्लुमिलास्ट आणि टॅपिनारॉफ या दोन बिगरस्टेरॉइड क्रीमनाही सोरायसिससाठी मान्यता दिली. तुमच्याकडे ती मिळतात का, तुम्हाला गरज आहे का, हे डॉक्टर सांगतील.

३. दवाखान्यात जाताना आणि तिथून निघताना

सोबत न्या:

- जुन्या चिठ्ठ्या, आणि आतापर्यंत वापरलेल्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. लिथियम, रक्तदाबाच्या बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्या आणि मलेरियावरची काही औषधं सोरायसिस भडकवू शकतात
- चट्ट्यांचे तारखेसह फोटो
- घसा दुखणं, ताप, सांधेदुखी असं काही मागच्या महिन्या-दोन महिन्यांत झालं असेल तर त्याची नोंद

निघण्याआधी प्रत्येक ट्यूबबद्दल चार गोष्टी विचारा आणि तिथल्या तिथे लिहून घ्या: शरीराच्या कोणत्या भागाला, दिवसातून किती वेळा, किती दिवस, आणि त्यानंतर काय. चौथा प्रश्न सर्वांत जास्त राहून जातो. 'बरं वाटेपर्यंत लावा' एवढ्यावर समाधान मानू नका. 'चार आठवड्यांनी चट्टा गेला तर काय करू, आणि नाही गेला तर काय करू?' असं सरळ विचारा.

घरी फारसं साहित्य लागत नाही. बिनवासाचं मॉइश्चरायझर, सौम्य साबण किंवा साबणाऐवजी वापरायचं क्लेन्झर, मऊ टॉवेल, एक वही आणि ट्यूबवर तारीख लिहायला पेन. रात्री घालायला जुने सुती कपडे काढून ठेवा, मलमाचे डाग पडतात.

४. माप बोटाच्या पेराने घ्या

'थोडंसं लावा' या सूचनेचा प्रत्येकाचा अर्थ वेगळा. त्यावर सोपा उपाय आहे, तो १९९१ साली ब्रिटनमधल्या लाँग आणि फिन्ले या डॉक्टरांनी मांडला. आपल्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून मलमाची सरळ रेघ ओढायची. प्रौढ माणसाच्या बोटावर हे साधारण अर्धा ग्रॅम भरतं. हे माप ५ मिलिमीटर तोंडाच्या नेहमीच्या ट्यूबसाठी आहे. एवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. तळहात म्हणजे बोटांसकट, बोटं एकमेकांना चिकटवून.

मोठ्या भागांचा अंदाज असा: एका हाताच्या पंजाला दोन्ही बाजूंनी १ पेर, एका पावलाला २, खांद्यापासून मनगटापर्यंत ३, एका पायाला ६, छाती-पोटाला ७, पाठ आणि नितंब मिळून ७. हे आकडे तो सगळा भाग व्यापलेला असेल तेव्हाचे. मलम फक्त चट्ट्यावर लावायचं, त्यामुळे प्रत्यक्षात बरंच कमी लागतं.

आता हिशोब करून पाहा. दोन कोपरं आणि दोन गुडघे, प्रत्येकावर तळहाताएवढा चट्टा. म्हणजे चार तळहात, दोन पेरं, एक ग्रॅम. दिवसातून दोनदा म्हणजे दोन ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपायला हवी. तुमची ट्यूब चार महिने पुरत असेल तर तुम्ही फारच कमी लावता आहात, आणि 'या मलमाने फरक पडत नाही' हा निष्कर्ष त्यावरून काढता येणार नाही. चार दिवसांत संपत असेल तर उलटी गडबड आहे. क्लोबेटासोलसारखं अतितीव्र स्टेरॉइड असेल तर आठवड्याला ५० ग्रॅमची कमाल मर्यादा पाळायचीच.

नवी ट्यूब फोडली की त्यावर तारीख लिहा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तुमच्या आठवणीपेक्षा त्या तारखेचा जास्त उपयोग होतो.

५. रोजचा क्रम

अ) कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ करा. कडकडीत पाणी त्वचा आणखी कोरडी करतं. घासणी, दगड काही नको.

आ) टॉवेलने टिपून घ्या, खसाखसा पुसू नका. जो पापुद्रा आपोआप सुटतो तो जाऊ द्या, चिकटलेला नखाने उपटू नका. त्वचेला इजा झाली की त्याच जागी नवा चट्टा उठू शकतो. एकोणिसाव्या शतकात हाइनरिख कोब्नर या जर्मन डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, आणि आजही डॉक्टर त्यांच्याच नावाने ते ओळखतात. ओरखडा, घट्ट पट्ट्याचा काच, उन्हाने भाजणं, सगळं यात येतं.

इ) मॉइश्चरायझर सगळ्या कोरड्या त्वचेला लावा, लव ज्या दिशेने असते त्या दिशेने हात फिरवत.

ई) वीस-तीस मिनिटं थांबा. लगेच औषध लावलं तर ते पातळ होतं आणि भलतीकडे पसरतं. आधी औषध आणि नंतर मॉइश्चरायझर असा क्रम काही डॉक्टर सांगतात. तोही चालतो, मधलं अंतर तेवढं राखा.

उ) मापाने मलम घेऊन चट्ट्यावर ठिपके द्या आणि हलक्या हाताने जिरेपर्यंत पसरवा. पांढरा थर उरला तर जास्त झालं. भोवतालच्या निरोगी त्वचेवर जाऊ देऊ नका.

ऊ) हात धुवा. उपचार हातांवरच चालू असेल तर अर्थातच नाही. हाताला राहिलेलं कॅल्सिपोट्रिऑल किंवा स्टेरॉइड नकळत डोळ्याला, गालाला लागतं.

मलम लावून वरून प्लास्टिक किंवा घट्ट पट्टी गुंडाळू नका. झाकल्याने औषध कितीतरी जास्त शोषलं जातं. डॉक्टर कधी मुद्दाम तसं करायला सांगतात, तेव्हा त्यांनी दिवस ठरवून दिलेले असतात.

आणि मॉइश्चरायझर रोजचं ठेवा, चट्टे नसतील त्या दिवसांतही. औषधाची गरज त्याने कमी होते.

६. जागा बदलली की नियम बदलतात

चेहरा, काख, जांघ, स्तनांखालची घडी आणि जननेंद्रियं इथली त्वचा पातळ असते, औषध भराभर आत जातं. कोपरासाठी दिलेलं तीव्र स्टेरॉइड इथे आपल्या मनाने लावू नका. इथे सौम्य किंवा मध्यम स्टेरॉइड थोड्या दिवसांसाठी, नाहीतर टॅक्रोलिमससारखं काही दिलं जातं. पापण्यांच्या जवळ दीर्घकाळ स्टेरॉइड गेलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो.

डोक्याला चिकाटी लागते. टाळूवर जाड थर असेल तर त्यावर टाकलेलं लोशन तिथेच वाया जातं. आधी थर मऊ करायचा, सॅलिसिलिक आम्लाच्या औषधाने किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या तेलाने, आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने हळूच सोडवायचा. मग केसांत भांग पाडत जायचं आणि प्रत्येक भांगेत औषधाचे थेंब टाळूवर सोडायचे, केसांवर नाही. कॅल्सिपोट्रिऑल-बीटामेथासोनचं जेल रात्रभर ठेवतात. सकाळी ते काढताना आधी कोरड्या केसांनाच शांपू चोळा, मग पाणी घ्या. आधी पाणी घेतलं तर तेलकटपणा निघता निघत नाही. क्लोबेटासोलचा शांपू मात्र कोरड्या टाळूवर १५ मिनिटं ठेवून धुवायचा असतो. दोन्हींची गल्लत करू नका.

तळहात-तळपायाची त्वचा जाड असते, तिथे मलम मुरायला वेळ लागतो आणि गुण उशिरा येतो. रात्री लावणं सोयीचं. नखांना तर फारच धीर हवा: हाताचं नख पूर्ण नवं यायलाच सहाएक महिने लागतात.

७. थांबायचं कधी आणि कसं

चट्टा बरा होताना आधी पापुद्रे कमी होतात, मग जाडी उतरते, मग लाली. सर्वांत शेवटी राहतो तो रंगाचा डाग. सावळ्या आणि गडद त्वचेवर हा डाग तपकिरी, काळपट किंवा उलट फिकट असतो आणि कित्येक महिने टिकतो. तो सोरायसिस नव्हे. पण लोक तो डाग जाईपर्यंत स्टेरॉइड लावत राहतात. त्याने डाग जात नाही, त्वचा मात्र पातळ होत जाते.

म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. डोळे मिटून त्या जागेवरून बोट फिरवा. चट्ट्याची कड हाताला लागत नसेल, खरखर नसेल, तर त्या जागेचं काम झालं. आता औषध उतरवायची वेळ आली.

उतरवायचं म्हणजे एका दिवसात बंद करणं नव्हे. बराच काळ चाललेलं तीव्र स्टेरॉइड अचानक सोडलं तर चट्टे पूर्वीपेक्षा जोरात उसळू शकतात. सहसा रोजचं एकाआड एक दिवस, मग आठवड्यातून दोन दिवस असं खाली आणतात. किंवा शनिवार-रविवार स्टेरॉइड आणि इतर दिवशी कॅल्सिपोट्रिऑल अशी घडी बसवून देतात. तुमच्यासाठी कोणती, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

चट्टा गेला नाही तरी मर्यादा आहेच. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१२ सालच्या मार्गदर्शिकेनुसार एकाच जागी तीव्र स्टेरॉइड सलग ८ आठवड्यांपेक्षा जास्त नको, अतितीव्र ४ आठवड्यांपेक्षा जास्त नको, आणि दोन फेऱ्यांमध्ये ४ आठवड्यांची सुट्टी ठेवावी. चेहरा, घड्या आणि जननेंद्रियांसाठी सौम्य किंवा मध्यम स्टेरॉइडसुद्धा २ आठवडेच. सुट्टीच्या काळात बिगरस्टेरॉइड औषध चालू ठेवता येतं. क्लोबेटासोलच्या माहितीपत्रकांत बहुधा २ आठवड्यांचीच मर्यादा दिलेली असते, तेव्हा तुमच्या ट्यूबसोबतचा कागद टाकून देऊ नका.

अति झाल्याच्या खुणा ओळखून ठेवा: त्वचा चकचकीत आणि सुरकुतलेली दिसणं, खालच्या बारीक लाल शिरा उठून दिसणं, जरासं घासलं तरी जांभळा डाग पडणं, काखेत किंवा मांडीवर ताणाच्या रेषा. या रेषा पुसल्या जात नाहीत. यांतलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

८. हमखास सापडणारे सापळे

एकच औषध दोन नावांनी घरात असणं. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून आलेल्या ट्यूबमध्ये तेच स्टेरॉइड निघतं आणि डोस दुप्पट होतो. मूळ नावं वहीत असली की हे लगेच पकडता येतं.

गोल, कडेने खाजणारा नवा चट्टा दिसला की तोही सोरायसिसच असं धरून चालणं. तो बुरशीचा असेल तर स्टेरॉइडने वरवर शांत होतो आणि आतून पसरत जातो, पुढे ओळखणंही अवघड होतं. नवी जागा, नवा प्रकार, तर आधी दाखवा. याच कारणाने आपली ट्यूब घरातल्या दुसऱ्या कुणाला देऊ नका. लहान मुलांना तर नाहीच. त्यांच्या वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा असतो आणि औषध शरीरात जास्त जातं.

'पूर्ण नैसर्गिक, सात दिवसांत गुण' अशी मलमं. वेगवेगळ्या देशांतल्या तपासण्यांत अशा काही मलमांत न सांगता मिसळलेलं तीव्र स्टेरॉइड सापडलं आहे. आवेष्टनावर घटकांची यादी नसेल तर ते अंगाला लावू नका. इतक्या भराभर गुण येतो तेव्हा संशय घ्यायलाच हवा.

पॅराफिन असलेली मलमं आणि मॉइश्चरायझर कपड्यांत, चादरींत मुरतात, आणि असं कापड चटकन पेट घेतं. धुतल्यावरही सगळा अंश जात नाही. सिगारेट, मेणबत्ती, शेगडी यांपासून लांब राहा. डोक्याच्या काही लोशनमध्ये अल्कोहोल असतं, त्यांनाही हेच लागू.

९. मलमावर थांबू नये अशी वेळ

पुढच्यांपैकी काही झालं तर ताबडतोब डॉक्टर गाठा: जवळजवळ सगळं अंग लाल होऊन सोलवटणं, पूभरल्या बारीक पुटकुळ्या उठणं, सोबत ताप किंवा थंडी वाजणं, चट्ट्यातून पू येऊन ठणका लागणं, डोळा लाल होऊन दुखणं.

सांध्यांकडे वेगळं लक्ष द्या. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ बोटं, गुडघे किंवा कंबर आखडलेली राहणं, एखादं अख्खं बोट सुजणं, टाच दुखत राहणं ही सोरायसिसच्या संधिवाताची लक्षणं असू शकतात. सांध्यांवर मलमाचा काही उपयोग होत नाही, आणि उशीर झाला तर सांधा कायमचा खराब होऊ शकतो. 'त्वचेच्या डॉक्टरांना सांध्याचं कशाला सांगायचं' असं मनात आणू नका. तेच सर्वांत आधी सांगा.

चट्टे दहा तळहातांहून जास्त जागा व्यापत असतील, किंवा जागा थोडीच पण चेहरा, तळवे, जननेंद्रियं अशी असेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर प्रकाशोपचार, गोळ्या, इंजेक्शनं हे पुढचे मार्ग आहेत. मापाने, नियमाने आठ आठवडे मलम लावूनही फरक नसेल तर त्यांची चर्चा तुम्ही स्वतः सुरू करा. जाताना वही, तारखा लिहिलेल्या ट्यूब आणि फोटो घेऊन जा.

प्रकाशोपचार ठरला तर त्या दिवशी आधी मलम थापून जाऊ नका. सॅलिसिलिक आम्ल किरणांना अडवतं, आणि किरणांमुळे कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं. कोणतं मलम नंतर लावायचं आणि किती वेळाने, हे पहिल्याच दिवशी तिथे विचारून वहीत टिपून घ्या.